जुन्या वेस्टर्नमधला स्टंटमन नट कसा व्हायचा? बेन जॉन्सनची मांड

प्रश्न असा आहे: "जुने अमेरिकन वेस्टर्न बघताना काही चेहरे पुन्हा पुन्हा दिसतात. हिरोच्या मागे घोड्यावर, खलनायकाच्या टोळीत, कधी दोन वाक्यं बोलून मरताना. यातले बरेच जण मुळात स्टंटमन होते असं वाचलं. त्यांची कारकीर्द कशी चालायची? स्टंटमनचा नट कसा व्हायचा?"

मी बावीस वर्षं मुंबईत घोड्यावरची कामं केली. आधी सिनेमे, मग ऐतिहासिक मालिका. गुडघे गेल्यावर आता पोरांना रपेट शिकवतो. म्हणून या प्रश्नाचं उत्तर मी घोड्याच्या पाठीवरून देणार आहे, सिनेमाच्या अभ्यासकासारखं नाही. उत्तरासाठी एकच माणूस घेतो, बेन जॉन्सन. या धंद्यातली बहुतेक सगळी वळणं त्याच्या एकट्याच्या वाट्याला आली.

बेनचा जन्म १९१८ चा, ओक्लाहोमा राज्यातल्या ओसेज काउंटीतला. वडिलांचं नावही बेन जॉन्सनच. ते गुरांच्या रँचवर होते आणि रोडिओत, म्हणजे गुराख्यांच्या कसबाच्या स्पर्धांत, दोर टाकण्यात नावाजलेले होते. पोरगा घोड्यावरच मोठा झाला. १९४० च्या सुमाराला निर्माता हॉवर्ड ह्यूजला 'द आउटलॉ' या सिनेमासाठी घोडे हवे होते. ते ओक्लाहोमातून घेतले गेले आणि पोचवायला बेन बरोबर गेला. आधी ॲरिझोना, मग कॅलिफोर्निया. रँचवर त्याला दिवसाला एक डॉलर मिळायचा आणि हॉलिवूडचा पहिला चेक आला तीनशे डॉलरचा. यानंतर कोणी सोट्याने हाणलं असतं तरी मी ओक्लाहोमाला परत गेलो नसतो, असं तो पुढे सांगायचा.

हा पैशाचा फरक आधी ध्यानात घ्या, म्हणजे पुढचं सगळं उलगडतं. यातल्या फारच थोड्यांना सिनेमाचं वेड होतं. हे कामकरी लोक होते. हॉलिवूडमध्ये सनसेट आणि गोवर या रस्त्यांच्या कोपऱ्यावर असे गुराखी सकाळपासून उभे असत, स्वतःची टोपी आणि स्वतःचे बूट घालून. आपल्याकडे मजूर नाक्यावर उभे राहतात ना, अगदी तसंच. त्या जागेला लोक 'गोवर गल्च' म्हणायचे. कोणाला घोडेस्वारांची गर्दी हवी असायची, कोणाला घोडे सांभाळायला माणूस, कोणाला हिरोच्या जागी पडणारा. ज्याला घोडा कळतो त्याला तिन्ही कामं मिळत. बेनने सुरुवात घोडे सांभाळण्यापासूनच केली. उत्तर हॉलिवूडमध्ये 'फॅट' जोन्स नावाच्या माणसाचा मोठा तबेला होता, स्टुडिओंना घोडे तिथून जात. १९४१ मध्ये बेनने त्याच्या मुलीशी, कॅरोलशी, लग्न केलं. म्हणजे नोकरी घोड्यांची आणि सासुरवाडही घोड्यांचीच.

मग तो डबल झाला, ज्याला आपल्या फिल्मलाइनमध्ये डुप्लिकेट म्हणतात. जॉन वेन, गॅरी कूपर, जेम्स स्टुअर्ट, जोएल मॅक्रे अशांच्या जागी त्याने घोडा पळवला. हे काम बाहेरून वाटतं त्यापेक्षा वेगळं आहे, म्हणून थोडं जवळून सांगतो.

हिरोचा डबल म्हणजे नुसता पडणारा माणूस नव्हे. हिरो घोड्यावर कसा बसतो, खांदे कुठे टाकतो, वळताना आधी मान वळवतो की कंबर, हे सगळं उचलावं लागतं. कॅमेरा लांब असतो, चेहरा दिसत नाही, आणि प्रेक्षक माणूस ओळखतो ते त्याच्या बसण्यावरून. त्यासाठी आधी स्वतःची मांड इतकी पक्की हवी की घोड्याचा विचारच करायला लागू नये. मांड म्हणजे मांड्यांची नुसती पकड नाही. घोडा चौखूर सुटलेला असताना कंबर त्याच्याबरोबर जाते, खांदे जागच्या जागी राहतात आणि हात तोंडाशी ओढाताण करत नाही, ती मांड. बेनची मांड बघायची असेल तर १९४९ चा 'शी वोर अ यलो रिबन' बघा. त्यात तो सार्जंट टायरी आहे. मागे शायेन जमातीचे स्वार लागलेत, आणि तो मॉन्युमेंट व्हॅलीच्या उघड्या माळावरून घोडा काढतो आणि मध्ये आलेली घळ उडी मारून ओलांडतो. तो शॉट मी किती वेळा पाहिला असेल याची गणती नाही. उडी मारताना बहुतेक स्वार घोड्याच्या आधी पुढे झुकतात किंवा मागे राहून लगामाला लटकतात. बेन दोन्ही करत नाही. फॅट जोन्सच्या तबेल्यातल्या 'स्टील' नावाच्या घोड्यावर तो त्या काळात बसायचा, आणि ही जोडी एकाच अंगाची वाटते.

पडण्याचंही शास्त्र आहे. जिथे पडायचं तो तुकडा आधी खणून भुसभुशीत करतात, खडे वेचतात, वर माती सारखी करून बाजूच्या जमिनीसारखा रंग आणतात. एकट्या स्वाराने पडायचं असेल तर पाय रिकिबीतून, म्हणजे खोगिराच्या पाय ठेवायच्या कडीतून, आधी मोकळा हवा. अमेरिकन स्टंटवाल्यांनी त्यासाठी एका बाजूने उघडी रिकीब वापरली, पाय सुटतो पण अडकत नाही. आमच्या वेळी ती सगळीकडे मिळत नव्हती. कोल्हापूरच्या बाजूला एका माळावर मालिकेचं शूटिंग होतं. माझा डावा पाय रिकिबीत राहिला आणि घोड्याने मला साठ-सत्तर पावलं फरफटत नेलं. हासडी मोडली, कानामागे सात टाके पडले. त्या युनिटमध्ये कोणी रिकीब तपासली नव्हती, आणि मीही विचारलं नव्हतं. तेव्हापासून मी शिकवतो तिथे घोड्यावर बसण्याआधी प्रत्येक पोराने स्वतःची रिकीब स्वतःच्या हाताने उघडझाप करून बघायची, हा नियम आहे.

घोड्यासकट पडायचं असेल तर घोडा शिकवलेला लागतो. आधी मऊ जागेवर उभ्या उभ्या मान वळवून बसवायचा, मग चालताना, मग दुडक्या चालीत. लगामाने डोकं एका अंगाला ओढलं की तोल जातो आणि तो खांद्यावर आडवा होतो. चक रॉबर्सन नावाचा स्टंटमन अनेक वर्षं जॉन वेनचा डबल होता. त्याचा 'कोकेन' नावाचा घोडा अशा पडण्यासाठी प्रसिद्ध होता. असा घोडा म्हणजे स्टंटवाल्याची शेती. तो चांगला असेल तर कामं येत राहतात.

आधीचा काळ मात्र फार वाईट होता. 'रनिंग डब्ल्यू' नावाची रीत होती. घोड्याच्या पुढच्या पायांना तार बांधायची, ती तंगाच्या, म्हणजे खोगीर आवळणाऱ्या पट्ट्याच्या, कडीतून मागे नेऊन जमिनीत पुरलेल्या वजनाला बांधायची. घोडा जोरात सुटला आणि तार संपली की पुढचे पाय वर ओढले जायचे आणि तो कोलांटी खाऊन पडायचा. कितीतरी घोडे असे मेले. १९३९ च्या 'जेसी जेम्स'मध्ये कड्यावरून पाण्यात पाडलेला घोडा मेला आणि त्यावरून बोभाटा झाला. मग १९४० पासून अमेरिकन ह्यूमेन असोसिएशन या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेची माणसं शूटिंगवर लक्ष ठेवू लागली. मी घोड्यांत राहिलेला माणूस आहे. ते जुने शॉट पडद्यावर आले की मी आजही नजर बाजूला करतो. ते बघून टाळ्या वाजवणाऱ्यांना माझं सांगणं असतं की घोड्याच्या मानेकडे बघा, तो पडायला तयार होता की फसवला गेला ते लगेच कळतं.

बेनच्या आधीच्या पिढीतलं मोठं नाव याकिमा कनट. मूळचा रोडिओचा विजेता. १९३९ च्या 'स्टेजकोच'मधला त्याचा स्टंट या धंद्यात अजून शिकवला जातो. एका कोरड्या तळ्याच्या सपाटीवर सहा घोड्यांची गाडी पूर्ण वेगात आहे. हल्ला करणारा अपाची जमातीचा स्वार बनलेला कनट आपल्या घोड्यावरून पुढच्या जोडीवर उडी मारतो, गोळी लागते, दोन घोड्यांच्या मध्ये लोंबकळतो, हात सोडतो, आणि घोडे नि अख्खी गाडी त्याच्या अंगावरून जाते. दिग्दर्शक जॉन फोर्डला त्याने आधी सांगितलं होतं की घोडे जोरातच पळवायचे. वेगात असले की ते सरळ रेषेत पळतात, हळू असले की इकडेतिकडे सरकतात आणि खालच्या माणसावर पाय पडतो. बघणाऱ्याला वेग म्हणजे धोका वाटतो, इथे वेगामुळेच जीव वाचत होता. त्याच सिनेमात जॉन वेनच्या जागी घोड्यांवर उड्या मारणाराही कनटच. आणि घोडदळाच्या वाटाड्याची छोटी भूमिका, तीही त्याचीच. एका सिनेमात तीन कामं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. भूमिका आणि स्टंट यांच्यात आज दिसते तशी भिंत तेव्हा नव्हती. माणूस सेटवर आहे, घोडा आहे, कपडे आहेत, तर दोन वाक्यं त्यालाच द्या, असा साधा हिशेब होता. त्या माणसाच्या हाती वेगळी मजुरी पडायची, आणि निर्मात्याचा एक नट वाचायचा.

पैसे कसे मिळत हेही सांगतो. दिवसाची मजुरी ठरलेली, आणि प्रत्येक अवघड कामाचे त्यावर वेगळे पैसे. घोडा पाडला की जास्त, रीटेक झाला की पुन्हा. म्हणजे शरीर विकून पोट भरणं. तिशीत ते परवडतं, चाळिशीत सांधे हिशेब मागायला लागतात. म्हणून या लोकांपुढे वाटा थोड्याच होत्या: पडणं सोडून पाडायला शिकवणं, सेकंड युनिट, म्हणजे स्टंट नि गर्दीचे प्रसंग वेगळे चित्रित करणारी तुकडी, हातात घेणं, किंवा कॅमेऱ्यासमोर तोंड दाखवणं. कनटने दुसरी वाट धरली. १९५९ च्या 'बेन-हर'मधली रथांची शर्यत त्याने उभी केली आणि त्यात नायकाचा डबल त्याचाच मुलगा जो होता. पुढे कनटला मानद ऑस्करही मिळालं. हॅल नीडहॅम स्टंटमधून थेट दिग्दर्शक झाला. रिचर्ड फार्न्सवर्थने जवळजवळ चाळीस वर्षं घोडे पळवले, आणि १९७८ च्या 'कम्स अ हॉर्समन'साठी त्याला सहायक अभिनेत्याचं नामांकन मिळालं तेव्हा तो साठीकडे झुकला होता. त्यानंतर १९९९ मध्ये 'द स्ट्रेट स्टोरी'साठी मुख्य अभिनेत्याचं. तोवर वय एकोणऐंशी.

बेनकडे तिसरी वाट आपण होऊन चालत आली. जॉन फोर्डच्या 'फोर्ट अपाची'च्या शूटिंगला तो हेन्री फोंडाचा डबल होता. तीन माणसं बसलेली एक घोडागाडी उधळली. बेन जवळच घोड्यावर बसलेला होता. त्याने घोडा काढला, गाडी गाठली आणि थांबवली. फोर्ड म्हणाला, याचं बक्षीस मिळेल. बेनला वाटलं, पुढच्या सिनेमात डबलचं काम मिळेल, फार तर एखादं वाक्य. फोर्डने हातात लखोटा दिला, त्यात सात वर्षांचा करार. बेन वाचायला लागला, पाचव्या ओळीत आठवड्याला पाच हजार डॉलर दिसले, तिथेच थांबून त्याने सही केली. अशी हकीकत तो स्वतः सांगायचा.

यात नशीब आहे, पण फोर्डने काय पाहिलं तेही बघा. जनावर बिथरलेलं असताना माणसाचा चेहरा खोटं बोलू शकत नाही. बेन गडबडला नव्हता. अशी शांतता तालमीने येत नाही, ती अंगात असावी लागते, आणि ती कॅमेऱ्याला दिसते. पुढे फोर्डने त्याला नेमक्या त्याच गोष्टीसाठी वापरलं. सार्जंट टायरीला अधिकारी काही विचारतात तेव्हा तो साधं उत्तर देतो की हे माझं खातं नाही, आणि लगेच अचूक अंदाज सांगून टाकतो. कमी बोलणारा, घोड्यावर बसून लांबवर बघणारा माणूस. १९५० च्या 'वॅगन मास्टर'मध्ये तर तो जवळजवळ नायकच आहे. त्याच वर्षीच्या 'रिओ ग्रांदे'मध्ये तो आणि सहकलाकार हॅरी केरी ज्युनिअर दोन घोड्यांच्या पाठींवर एकेक पाय ठेवून उभे राहून पळवतात, त्याला रोमन रायडिंग म्हणतात. डबल न घेता, स्वतः. सात वर्षांच्या करारावर असलेला नट हे करतोय, यातच त्याची जात कळते.

आणि त्याच 'रिओ ग्रांदे'च्या वेळी बिनसलं. जेवणाच्या टेबलावर तो केरीला हळूच म्हणाला की आज गोळ्या तर भरपूर झडल्या, पण घोड्यावरून पडलं फार थोडं कोणी. धंद्यातला माणूस धंद्याचीच गोष्ट बोलला. फोर्डने ऐकलं, सगळ्यांसमोर त्याला मूर्ख म्हणून हाक मारली आणि काय बोललास म्हणून विचारलं. बेन उठला, फोर्डजवळ गेला, सिनेमाचं काय करायचं ते त्याला सांगितलं आणि बाहेर पडला. त्यानंतर १९६४ च्या 'शायेन ऑटम'पर्यंत फोर्डने त्याला एकही सिनेमा दिला नाही. चौदा वर्षं. या प्रसंगाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: बेन बरोबर होता. ज्याला पडणं माहीत आहे त्याने पडण्याबद्दल बोलायचं नाही, तर कोणी बोलायचं?

१९५३ मध्ये तो सिनेमा सोडून पूर्ण वर्ष रोडिओत गेला. टीम रोपिंगचा, म्हणजे दोघांनी मिळून दोर टाकून बैल पकडण्याचा, जागतिक विजेता झाला. वर्षाअखेरीस घरी आला तेव्हा खिशात तीन डॉलरही नव्हते, गाडी झिजलेली आणि बायको रागावलेली. परत सिनेमाकडे वळला. रोडिओचं जागतिक विजेतेपद आणि अभिनयाचं ऑस्कर, दोन्ही मिळालेला माणूस तो एकच.

त्याच वर्षी पडद्यावर आलेला 'शेन' मला त्याच्या दुय्यम भूमिकांमध्ये सगळ्यात आवडतो. ख्रिस कॅलोवे हा गुंड. नायक शेन दुकानात सोडा मागतो तेव्हा हा त्याच्या सदऱ्यावर व्हिस्की ओततो. पुढे त्याच शेनकडून मार खातो. आणि शेवटी मालकाची चाकरी सोडून शेनला येऊन सावध करतो. हा बदल पटवायला त्याच्याकडे अगदी थोडे शॉट आहेत. बघा तो कसा करतो: आवाज खाली आणतो, शरीर सैल सोडतो, टोपीखालून बघणं थांबवून समोर बघतो. पडायला शिकलेल्या माणसाला आपल्या शरीराचा कुठला भाग कधी ताठ आहे हे माहीत असतं. स्टंटमनचा नट होताना शाळा लागते ती हीच.

नंतर सॅम पेकिनपाचा १९६९ चा 'द वाइल्ड बंच'. त्यात वॉरन ओट्सबरोबर तो गोर्च भावांपैकी एक आहे. पन्नाशी गाठलेला, दांडगा, हसरा आणि भयंकर. मग १९७१ चा 'द लास्ट पिक्चर शो'. टेक्ससमधल्या आर्चर सिटीत कृष्णधवल चित्रित केलेला, पीटर बोग्दानोविचचा. सॅम द लायन ही भूमिका बेनने आधी नाकारली. शब्द फार आहेत आणि त्यातले बरेच घाण आहेत, ही तक्रार. शेवटी बोग्दानोविचने जॉन फोर्डलाच मध्ये घातलं. फोर्डने त्याला समजावलं, घाण शब्द काढायची मोकळीक मिळाली, आणि बेनने होकार दिला.

सगळा मिळून तो पडद्यावर जेमतेम दहा मिनिटं आहे. तळ्याच्या काठी बसून तो एका मुलीची आठवण सांगतो, वीस वर्षांपूर्वीची, जिच्याबरोबर तो इथे पोहायला यायचा. कॅमेरा हळूहळू जवळ जातो. बेन काही 'करत' नाही. घोडा पळत असताना खांदे स्थिर ठेवणारा तो माणूस इथे नुसता बसलाय, आणि आतून सगळं हललेलं असताना खांदे तसेच स्थिर आहेत. शब्द फार आहेत म्हणून घाबरलेल्या माणसाने ते शब्द इतके सावकाश टाकले की मधल्या थांब्यांतच जास्त कळतं. या दहा मिनिटांसाठी १९७२ मध्ये त्याला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं.

त्यानंतरही तो घोड्यावरून उतरला नाही, वेस्टर्न कमी होत गेले तरी. १९९६ मध्ये ॲरिझोनातल्या मेसा गावी तो वारला. आईला भेटायला गेला होता, ती तेव्हा हयात होती.

तुम्हाला हे काम समजून घ्यायचं असेल तर मी माझ्या पोरांना सांगतो तसं बघा. 'शी वोर अ यलो रिबन' आवाज बंद करून, फक्त टायरीचे प्रसंग. लगामाचा हात बघा, घोड्याचे कान बघा, घोडा याचं ऐकतोय की याला घाबरतोय ते बघा. मग 'वॅगन मास्टर'मधलं त्याचं चढणं आणि उतरणं. चढताना खोगिराला झोंबत नाही, उतरताना घोड्याला धक्का देत नाही. शेवटी 'द लास्ट पिक्चर शो', तळ्याचा प्रसंग, आता आवाज लावून. घोडा त्यात कुठेच नाही. तरी मी त्याची मांडच बघत बसतो.